विहीर आपली, पाणी कोणाचें?

गेल्या वैशाखांत एके सकाळीं गांवाहून माझ्या थोरल्या बंधूंचा दूरध्वनि आला. आमचें गांव अष्टागरांत, अलिबागच्या दक्षिणेस, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. तेथें आमची वडिलोपार्जित वाडी असून तींत नारळी-पोफळी आहेत, आणि वाडीच्या मधोमध काळ्या दगडांनीं बांधलेली एक जुनी विहीर आहे. दादा म्हणाले, "समुद्राकडच्या रस्त्यावर तें नवें विश्रामगृह झालें आहे ना, त्यांचा माणूस काल येऊन गेला. त्यांना आपल्या विहिरीचें पाणी पाहिजे. रोज चार टँकर, पावसाळा सोडून आठ महिने. पैसे चांगले देतो म्हणतो. सुपारीचें हल्लीं काय चाललें आहे तें तुला ठाऊकच आहे. माझ्या मनांतून होकार द्यावयाचा आहे. पण वाडी दोघांची, म्हणून तुझ्या कानावर घालतों." मी कांहीं बोललों नाहीं, तेव्हां तेच पुढें म्हणाले, "अरे, विहीर आपली, पाणी आपलें. यांत एवढा विचार कसला?"

तीस वर्षें महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकविलेल्या मनुष्याच्या जिभेवर अशा प्रश्नाचें उत्तर असावयास हवें. परंतु कांट आणि मिल यांच्या ग्रंथांवर विद्यार्थ्यांकडून उत्तरें लिहवून घेणें निराळें, आणि आपल्याच वाडींतील पाण्याचा व्यवहार ठरविणें निराळें, हें मला त्या सकाळीं चांगलेंच कळून आलें. 'चार दिवसांनीं कळवितों' असें सांगून मीं वेळ मारून नेली. ते चार दिवस पुढें बरेच लांबले.

दादांच्या वाक्याचे दोन भाग आहेत. 'विहीर आपली' या पहिल्या भागाविषयीं वाद संभवत नाहीं. आमच्या पणजोबांनीं ती खणविली, आजोबांनीं तिची बांधणी दुरुस्त करविली, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर आज आम्हां दोघां भावांचीं नांवें आहेत. 'पाणी आपलें' हा दुसरा भाग मात्र पहिल्यांतून आपोआप निघतो असें आपण सारेच गृहीत धरतों. तो खरोखर निघतो काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

देशावरच्या वाचकास प्रथम हेंच नवल वाटेल कीं, कोंकणांत पाण्याचा प्रश्न असावाच कां! आमच्या जिल्ह्यांत (१९८१ पर्यंत त्याचें नांव कुलाबा होतें, तें बदलून रायगड झालें) पावसाची सरासरी शंभर इंचांच्या वर जाते. परंतु हा सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामधील पट्टी अरुंद व उताराची असल्यामुळें पडलेलें पाणी थांबत नाहीं. आणि खालचा काळा खडक असा कृपण कीं आपल्या भेगांत व सांध्यांत मावेल तेवढेंच पोटांत घेतो. ज्या वाडीत आषाढांत गुडघाभर पाणी सांचतें, त्याच वाडीत चैत्रांत झाडाचीं आळीं कोरडीं पडलेलीं दिसतात. किनाऱ्यालगतच्या वाळूची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती वाळू पाणी जिरवून घेते आणि धरून ठेवते. अष्टागरांतील वाड्या पिढ्यान् पिढ्या हिरव्या राहिल्या त्या या वाळूच्या बळावर.

पण या वाळूंतील पाणी कशावर उभें आहे? याचें उत्तर मला उतारवयांत मिळालें, आणि तेंही एका भूगर्भशास्त्रज्ञ स्नेह्याकडून. किनाऱ्यावर मुरलेलें पावसाचें गोडें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा अडीचनें जड. त्यामुळें गोडें पाणी वर आणि खारें खालीं, अशी मांडणी भूमीच्या पोटांत झालेली असते. हॉलंडांत बादोन घायबेन या अभियंत्यानें १८८९ च्या सुमारास आणि जर्मनींत हर्झबर्ग यानें १९०१ सालीं, एकमेकांवांचून, याचें गणित मांडलें. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडें पाणी उभें असेल, तर तिच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. मनुष्याला हें ऐकून आपल्या ऐश्वर्याचा आनंद होतो. परंतु गणित दोन्ही बाजूंनीं चालतें. वरची पातळी एक फूट उतरवून तशीच ठेवली, तर कालांतरानें खालून खारें पाणी चाळीस फूट वर चढावयास लागतें. हा हिशेब शुद्ध वाळूचा आहे, आमच्याकडे थोड्याच खोलीवर खडक लागतो आणि त्याच्या भेगांतून पाणी सूत्राला विचारून वाहत नाहीं, असें माझ्या स्नेह्यानें मला बजावलें. तथापि दिशा तीच राहते.

यांतून जो नैतिक प्रश्न उभा राहतो तो तळ्याच्या कांठीं उभा राहत नाहीं. मुरुडजवळ जंजिऱ्याच्या किल्ल्यांत गोड्या पाण्याचीं दोन तळीं आहेत. भोंवतीं चारही बाजूंना समुद्र, आणि मध्यें हें गोडें पाणी. पाहणाऱ्यास मोठें अप्रूप वाटतें. तेथें कोणी कांठावर उभा राहिला म्हणजे सारा सांठा त्याला एका दृष्टिक्षेपांत दिसतो. एक घागर भरली तर एक घागर कमी झाली हें मुलालाही कळतें. आमच्या विहिरींत तसें नाहीं. तेथें घागर भरली तर रात्रींतून पाणी पुन्हां वर येतें, आणि मनुष्यास वाटतें कीं कांहीं वेंचलेंच नाहीं. वास्तविक तें पाणी शेजारच्या वाडीखालून आलेलें असतें, आणि ज्या मोकळ्या जागेंतून तें आलें तेथें समुद्र बोटभर सरकलेला असतो. शंभर तांब्यांत समुद्राचे दोन तांबे मिसळले तरी पाण्याची चव जाते.

आमच्या विहिरीच्या पश्चिमेस पन्नास पावलांवर शेजारच्या काकूंची विहीर आहे. माझ्या लहानपणीं आम्ही मुलें मुद्दाम त्यांच्या विहिरीचें पाणी पिण्यास जात असूं, इतकें तें गोड होतें. आतां होळीनंतर तें मचूळ होतें आणि पाऊस पडेपर्यंत तसेंच राहतें. त्यांच्या पोफळींचे शेंडे पिवळे पडले आहेत. आमच्या वडिलांनीं १९७८ सालीं विहिरीवर विजेचा पंप बसविला, त्याचा या मचूळपणाशीं संबंध आहे काय? मी शपथेवर कांहींच सांगूं शकत नाहीं. गांवांत तसे पंप पुष्कळ बसले, मागाहून कूपनलिकाही झाल्या. काकूंनीं आमच्याकडे कधीं बोट दाखविलें नाहीं. एवढेंच कीं, उन्हाळ्यांत त्या हंडा घेऊन आमच्या विहिरीवर येतात, आणि फाटकाशीं उभ्या राहून आमच्या वहिनींना "येऊं का ग?" असें विचारतात. पूर्वी त्या असें विचारीत नसत.

कायद्याला हा प्रश्न विचारला तर तो फार दिवस दादांच्या बाजूनें उभा होता. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहराला ज्या झऱ्यांतून पाणी मिळे, त्यांच्या वरच्या अंगास पिकल्स नांवाच्या गृहस्थाची जमीन होती. त्यानें आपल्या जमिनींत असें खोदकाम आरंभिलें कीं झऱ्यांचें पाणी आटूं लागलें. नगरपालिकेचें म्हणणें असें कीं, आपली जमीन तिनें भारी किंमतीस घ्यावी एवढ्याच हेतूनें तो हें करीत आहे. १८९५ सालीं उमरावांच्या सभेनें निकाल दिला कीं, हेतु कांहींही असो, आपल्या भूमीखालीं झिरपणारें पाणी अडविण्याचा मालकास हक्क आहे, आणि हक्काची गोष्ट वाईट हेतूनें केली म्हणून ती बेकायदेशीर होत नाहीं. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यांतही हेंच तत्त्व आलें, आणि १८९१ पासून तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला. ठराविक पात्रांतून न वाहणारें जें पाणी तुमच्या जमिनीखालीं आहे, तें आपल्या हद्दींत गोळा करण्याची तुम्हांस मुभा आहे, असा त्याचा आशय. पिकल्सची कथा मी वर्गांत सांगतों तेव्हां विद्यार्थी हंसतात. दादांशीं बोलल्यापासून मला तितकें हंसूं येत नाहीं.

त्या निकालांच्या मुळाशीं जो युक्तिवाद होता तो मात्र पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लिश न्यायाधीश म्हणत कीं, भूमीखालचें पाणी कोठून येतें आणि कोठें जातें हें गूढ आहे. जें कोणास दिसत नाहीं व मोजतां येत नाहीं त्याच्या वांटणींत न्यायालयानें पडूं नये. म्हणजे हा हक्क न्यायाच्या पायावर उभा नसून अज्ञानाच्या पायावर उभा होता. तें अज्ञान त्या काळीं प्रामाणिक होतें. आज कोणाही विद्यार्थ्यास नकाशावर तें पाणी काढून दाखवितां येतें. तेव्हां ज्ञान झाल्यावर अज्ञानांतून जन्मलेला हक्क आपण कोणत्या तोंडानें चालवावा? आपल्या राज्यानें १९९३ सालीं कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून पांचशें मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यास निर्बंध घातला, आणि २००९ च्या कायद्यानें एकंदर भूजलाच्या वापरावरच नियमन आणण्याची तरतूद केली. केरळांत प्लाचिमडा येथील शीतपेयांच्या कारखान्याविषयीं तर एकाच उच्च न्यायालयानें दोन उत्तरें दिलीं: २००३ सालीं एका न्यायमूर्तींनीं भूजल ही लोकांची ठेव मानली, आणि २००५ सालीं दोघांच्या पीठानें तो निर्णय फिरविला. कायद्याचें मन अद्याप डळमळीत आहे. गांवांत तर तो फारसा येतच नाहीं. आमच्या आळींत १९९३ च्या कायद्याचें नांव ऐकलेला मनुष्य मला आढळला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तोंवर मींही तें ऐकलेलें नव्हतें.

अशा वेळीं आपल्या वर्गांतील माणसें परंपरेकडे धांव घेतात. मींही घेतली. आपल्या धर्मशास्त्रानें विहीर आणि तळें बांधणें हें पूर्तकर्म मानलें आहे, आणि त्या बांधकामाच्या शेवटीं उत्सर्ग नांवाचा एक विधि सांगितला आहे. धनिकानें पैसे घालून तळें खणविलें तरी त्याचें पाणी सर्व भूतांसाठीं सोडून दिल्याखेरीज तें कर्म पुरें होत नाहीं. तळें तुमचें, पण पाणी सोडून दिलेलें! दादांच्या वाक्याला याहून चांगलें उत्तर कोठें सांपडणार? शिवाय माझ्या डोळ्यांपुढें लहानपणचा रहाट उभा राहिला. बैल गोल फिरतो आहे, लोटे एकामागून एक भरून वर येताहेत, पन्हळींतून पाणी डोणींत पडतें आहे, आणि तेथून पाटानें आळ्या-आळ्यांत जातें आहे. पूर्वज किती संयमी होते, अशी एक तृप्त भावना मनांत येऊं लागली.

ती फार वेळ टिकली नाहीं. पूर्वजांचा संयम म्हणजे बैलाच्या दमाचा संयम होता. बैल थकला कीं रहाट थांबे, आणि रात्रभर विहीर विसांवा घेई. हाताशीं विजेचा पंप असता तर आमच्या आजोबांनीं तो वडिलांच्या आधीं चालविला असता, याविषयीं मला शंका नाहीं. जी गोष्ट दुर्बळतेनें आपोआप घडत होती तिचें श्रेय सद्गुणाला देणें ही इतिहासाची फसवणूक होय. आणि त्यांच्या औदार्याविषयीं म्हणावें तर त्याचाही पुरावा आमच्याच जिल्ह्यांत आहे.

सावित्री नदीच्या कांठीं महाड आहे. तेथील चवदार तळें नगरपालिकेच्या ताब्यांतलें. मुंबईच्या विधिमंडळानें १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला कीं, सार्वजनिक पैशांतून झालेले पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ सालीं तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनीं तेथील पाणी ओंजळींत घेऊन प्राशन केलें. त्यानंतर काय झालें? जमलेल्या लोकांवर हल्ला झाला, आणि पुढें तळ्याची शुद्धि म्हणून शेण-गोमूत्रादिकांनीं भरलेल्या एकशेंआठ घागरी तळ्यांत ओतण्यांत आल्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत कांहीं सवर्णांनीं दावा लावला. तळें आमच्या खाजगी मालकीचें आहे आणि अस्पृश्यांस मज्जाव करण्याची आमची अनादि वहिवाट आहे, असें त्यांचें म्हणणें. दहा वर्षें तो दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यांचें अपील फेंटाळलें, तें तळें नगरपालिकेचें ठरलें आणि अनादि वहिवाट सिद्ध झाली नाहीं.

मुसलमान त्या तळ्याचें पाणी घेत, गुरें-ढोरें तेथें पीत. सर्व भूतांसाठीं उत्सर्ग करणाऱ्या धर्मांत 'सर्व भूतें' या शब्दांचा अर्थ एवढाच शिल्लक राहिला होता. अपवादही होते, पुण्यास जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालींच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता, आणि तो तर त्यांच्या मालकीचा हौद होता. पण अपवाद मोजावे लागतात यांतच सारें आलें. तेव्हां पाण्याच्या बाबतींत पूर्वजांचा दाखला देतांना जीभ चांचरली पाहिजे.

महाडचा प्रश्न आणि आमच्या वाडीचा प्रश्न एकच आहे असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. तेथें माणसाच्या माणूसपणाचा अपमान होता. येथें चार टँकरांचा व्यवहार आहे. तरी महाडच्या फिर्यादींचा युक्तिवाद वाचतांना मला दादांचें वाक्य ओळखूं आलें. आमचीं घरें कांठावर आहेत, आम्ही येथें पिढ्यान् पिढ्या भरतों, म्हणून पाणी आमचें. जवळीक आणि संवय यांतून मालकी काढण्याची उडी तीच. आणि एक भेद माझ्या विरुद्ध जातो. तळ्याच्या कांठीं काठी घेऊन उभा असलेला मनुष्य दिसतो. त्याच्याशीं भांडतां येतें, सत्याग्रह करतां येतो, त्याला न्यायालयांत खेंचतां येतें. पंपाचें बटण दाबून शेजारणीची विहीर मचूळ करणारा मनुष्य कोणास दिसत नाहीं, त्याचा त्यालाही दिसत नाहीं. तो सकाळीं स्नान करून देवपूजेस बसतो. काकूंनीं सत्याग्रह करावा तो कोणत्या फाटकावर?

वर्गांत मी या जागीं लॉकचें मत सांगतों. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यानें असें मांडलें कीं, निसर्गांतील वस्तूंत मनुष्यानें आपले श्रम मिसळले म्हणजे ती वस्तु त्याची होते. दादांना हें मत आवडेल. पणजोबांनीं विहीर खणण्यांत श्रम मिसळले (अर्थात् मजुरांचे) हें खरेंच आहे. पण लॉकनें त्याला एक अट जोडली आहे: इतरांसाठीं पुरेसें आणि तितकेंच चांगलें उरलें पाहिजे. त्याचा दाखलाही पाण्याचाच आहे. नदी भरून वाहत असतां कोणी पोटभर पाणी प्यालें म्हणून दुसऱ्याचें कांहीं गेलें नाहीं. हें वाक्य इंग्लंडांतील नदीच्या कांठीं सुचलें असणार. किनाऱ्यावरच्या विहिरींत 'पुरेसें' कदाचित् उरेल, 'तितकेंच चांगलें' उरणार नाहीं. कारण तेथें पाणी संपण्याच्या कितीतरी आधीं बिघडतें. श्रमानें विहीर आमची झाली. खडकापर्यंतचा खड्डा, त्याची दगडी बांधणी, पायऱ्या, हें सारें आमचें. त्यांत येणारें पाणी आमच्या श्रमानें पडलें नाहीं, आमच्या श्रमानें मुरलें नाहीं, आणि आमच्या कुंपणाशीं थांबतही नाहीं. तेव्हां आमचा हक्क पाणी घेण्याचा आहे, पाण्यावरचा नाहीं. घेण्याच्या हक्काला माप असतें, आणि तें माप आमच्या विहिरीच्या खोलीवरून न ठरतां वैशाख-अखेरीस काकूंच्या विहिरींतल्या पाण्याच्या चवीवरून ठरावयास पाहिजे.

इतकें सगळें मीं दादांना ऐकविलें. वर्गांत विद्यार्थी निमूटपणें लिहून घेतात. दादांनीं दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही अवघड होते.

पहिला प्रश्न: "आपण नाहीं दिलें तर दुसरा कोणी देईल. विश्रामगृह कांहीं कोरडें राहणार नाहीं. पाणी उपसलें जाणारच आहे. फक्त पैसे दुसऱ्याच्या घरीं जातील. मग तुझ्या नीतीनें काकूंचें काय भलें केलें?" याला मीं प्रथम कांटच्या वळणानें उत्तर दिलें कीं, दुसरा चोरी करील म्हणून आपण करावी असें होत नाहीं. पण तें उत्तर देतांनाच मला तें अपुरें वाटलें. माझे हात स्वच्छ राहिले, एवढ्यानें काकूंचें पाणी गोड होत नाहीं. आणि स्वतःच्या हातांकडेच पाहणारी नीति ही थोडी आत्मपूजाच असते. येथें एकट्याचा त्याग निष्फळ आहे आणि एकट्याचा लोभही जवळजवळ निरुपद्रवी आहे. जें कांहीं व्हावयाचें तें सर्वांच्या मिळून करण्यानें होतें.

अमेरिकेंत लॉस एंजल्सजवळ समुद्रकांठीं वेस्ट बेसिन म्हणून एक भूजलाचा प्रदेश आहे. तेथेंही शेंकडो मालकांनीं इतकें पाणी उपसलें कीं समुद्र आंत शिरूं लागला. १९४५ सालीं तेथें दावा दाखल झाला. पण वकिलांच्या भांडणांत सारेंच पाणी खारें होईल हें ओळखून मालक एकत्र बसले, प्रत्येकाचा उपसा मोजला गेला, प्रत्येकानें आपला वांटा कमी करून घेतला, आणि १९६१ सालीं न्यायालयानें त्या समेटावर शिक्कामोर्तब केलें. एलिनॉर ऑस्ट्रम नांवाच्या विदुषीनें १९६५ मध्यें आपला प्रबंध या प्रदेशावर लिहिला, आणि पुढें याच दिशेनें केलेल्या कामाबद्दल तिला २००९ सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. मला त्यांत महत्त्वाचें वाटलें तें हें कीं, तीं माणसें कांहीं साधुसंत नव्हतीं. शेजारी किती उपसतो हें कळल्यावर, आणि आपण थांबलों तर तोही थांबेल अशी खात्री पटल्यावर, तीं थांबलीं. मोजल्यावांचून हें झालें नसतें.

मध्येंच दादा म्हणाले, "नळ येईल तेव्हां हें सारें आपोआप मिटेल." ही आशा गांवोगांव आहे आणि ती खोटी नाहीं. पण नळाचें पाणीही कोठून तरी येतें. आमच्या जवळ रेवदंड्याला कुंडलिका समुद्रास मिळते. रोह्याजवळ ही नदी उन्हाळ्यांतही वाहते, याचें कारण वर भिरा येथें १९२७ पासून चालूं असलेलें टाटांचें वीजकेंद्र. मुळशीच्या धरणांत अडविलेलें पाणी घाटाखालीं सोडून तेथें वीज होते आणि मग तें कुंडलिकेंत येतें. ज्या मावळ्यांच्या जमिनी त्या धरणाखालीं गेल्या त्यांनीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं १९२१ पासून सत्याग्रह केला, तो आपल्या वाचकांस सांगावयास नको. उलट पेणजवळच्या हेटवणें धरणाचें पाणी नवी मुंबईकडे जातें, आणि त्याच पेणच्या खारेपाटांत वाशी-शिर्कीकडच्या बायका वर्षानुवर्षें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत आल्या. नळ आला म्हणजे प्रश्न मिटत नाहीं. ज्याचें पाणी गेलें तो मनुष्य डोळ्यांआड जातो. काकू निदान फाटकाशीं दिसतात.

दादांचा दुसरा प्रश्न मात्र मला लागला. ते म्हणाले, "तुला महिन्याचा पगार आहे, पुढें निवृत्तिवेतन आहे. वाडी मी राखतों. झाडावर चढणारा माणूस मिळत नाहीं, खत महागलें, निसर्ग वादळांत अर्ध्या पोफळी मोडल्या. तूं शहरांत बसून 'नको' म्हणतोस, त्याची किंमत मी भरावयाची. हें तुझ्या कोणत्या ग्रंथांत बसतें?" जून २०२० च्या त्या वादळानें आमच्या किनाऱ्याच्या वाड्यांची जी दैना केली ती मीं दोन दिवस येऊन पाहिली होती, दादांनीं ती दोन वर्षें उपसली. मीं अर्धा तोटा भरून देण्याची तयारी दाखविली. ती त्यांनीं झिडकारली, आणि मला वाटतें योग्यच केलें; थोरल्या भावाला असें बोलणें माझेंच चुकलें. ज्याला त्यागाची झळ लागत नाहीं त्यानें त्यागाचा उपदेश करूं नये, हा आक्षेप मला आजही खोडतां आलेला नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, आक्षेप माझ्यावर आहे. पाण्याविषयींचा विचार त्यामुळें खोटा ठरत नाहीं.

सरतेशेवटीं दादांनीं विश्रामगृहाच्या माणसाला नकार कळविला. माझ्या युक्तिवादानें नव्हे. वहिनी म्हणाल्या, "उद्यां टँकर फाटकाशीं उभा असतां काकू हंडा घेऊन आल्या तर मी त्यांना काय सांगूं?" त्यावर दादा गप्प बसले. विश्रामगृहानें गांवांत दुसरीकडे पाण्याची सोय करून घेतली, म्हणजे दादांचें पहिलें भाकीत खरें ठरलें.

गणपतीस मी गांवीं गेलों तेव्हां आमच्या आळींतील विहिरींच्या मालकांस ओटीवर बोलावलें होतें. विहिरी अकरा, आले सहाजण. मीं वेस्ट बेसिनची हकीगत सांगितली. ती कोणास फारशी रुचलेली दिसली नाहीं. एकानें विचारलें कीं, ज्याच्याकडे पाहुण्यांच्या खोल्या आहेत त्यानें काय करावें, आणि त्याचें समाधान होईल असें उत्तर कोणाजवळ नव्हतें. दुसरा म्हणाला कीं, आज मोजाल, उद्यां सरकार पट्टी बसवील. काकू मागें उंबऱ्याशीं बसल्या होत्या, त्या कांहीं बोलल्या नाहींत. अखेरीस एका तरुण मुलानें सुचविलें कीं, उपसा कमी करण्याचें राहूं द्या, पण दर अमावस्येस सहाही विहिरींत गांठी मारलेली एकच दोरी सोडून पाणी किती आहे तें भिंतीवर लिहावें, आणि चव घेऊन तीही लिहावी. यास कोणी हरकत घेतली नाहीं. पाणी मोजण्याविषयीं एकमत झालें; पाणी कमी घेण्याविषयीं शब्दही निघाला नाहीं.

परवां पौषी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीं दादांचा दूरध्वनि आला. आमच्या विहिरींत दोरीच्या सात गांठी भिजल्या, काकूंच्या विहिरींत पांच. चव अजून दोन्हीकडे गोड आहे. राहिलेल्या पांच मालकांपैकीं एकजण दोरी मागण्यास आला होता.